जोडीतला दुसरा गोळा

सासूबाई येणार हे ठरलं तेव्हा मीनाक्षीने गेस्ट रूमचे पडदे बदलले, फ्रीजमधलं चिकन संपवून टाकलं आणि रोझारियाला सांगितलं, "माझी सासू येतेय. सहा महिने राहील. मला आता दर शनिवारी यायला जमेलच असं नाही."

"मग तिलाही घेऊन ये," रोझारिया म्हणाली.

"तिला नाही आवडायचं."

हे ती इतक्या झटकन म्हणाली की रोझारियाने हातातला झारा थांबवून तिच्याकडे पाहिलं.

रोझारिया त्यांच्याच रस्त्याच्या टोकाला राहायची. मिशिगनमधल्या ट्रॉय गावात तेव्हा, म्हणजे १९८४ साली, भारतीय कुटुंबं बरीच झाली होती. मीनाक्षीचा नवरा शैलेंद्र मोटारींच्या कंपनीत होता, तसे आणखी कितीतरी. पॉटलक व्हायचे, गणपती बसायचा. पण मीनाक्षीची खरी मैत्रीण एकच, आणि ती तिच्या आईच्या वयाची, इटलीतल्या मोलीझे भागातल्या आन्योने नावाच्या डोंगरगावातून आलेली ही विधवा बाई. तिचा नवरा पास्क्वाले गवंडी होता. त्याने स्वतः बांधलेल्या घरात दोन स्वयंपाकघरं होती. वरचं पाहुण्यांनी बघायचं, खालचं बेसमेंटमधलं रांधायचं. खालच्याला लागून एक गार, बिनखिडकीची खोली होती, आणि तिथे आडव्या दांड्यांवर चीजचे गोळे टांगलेले असत. छोट्या दुधी भोपळ्याच्या घाटाचे, वर गळा आवळलेला, गळ्यावर लिंबाएवढं डोकं.

"काचोकवाल्लो," रोझारियाने पहिल्यांदा दाखवलं तेव्हा सांगितलं होतं. "काचो म्हणजे चीज. कवाल्लो म्हणजे घोडा. एका दोरीच्या दोन टोकांना दोन गोळे बांधायचे आणि दांडीवर असे टाकायचे, घोड्याच्या पाठीवर दोन्हीकडे ओझं टाकतात तसे. एकटा टांगत नाहीत. जोडी लागते."

त्या दिवसापासून दोन वर्षं मीनाक्षी जवळपास दर शनिवारी तिथे जात होती. रोझारियाच्या जावयाची गाईंची डेअरी होती, तिथून सकाळी ताजं दूध यायचं. ते कोमट करायचं, त्यात मागच्या खेपेचं आंबट पाणी विरजण म्हणून घालायचं, मग दूध घट्ट करणारं रेनेट. दूध खरवसासारखं थलथलीत झालं की ते कापून त्याचे बारीक कण करायचे, आणि ते आपल्याच पाण्याखाली आंबत ठेवायचे. नंतर वाट बघायची. तासन् तास. मीनाक्षीला तीच वेळ सगळ्यात आवडायची. दोघी टेबलाशी बसून कॉफी प्यायच्या आणि मीनाक्षी बोलायची. नागपूरबद्दल, गेलेल्या वडिलांबद्दल, शैलेंद्रच्या गप्प बसण्याबद्दल. आठ वर्षांच्या सीमाबद्दल, जी मराठीत विचारलं तरी इंग्रजीतच उत्तर द्यायची. तिच्या मोडक्या इंग्रजीत रोझारिया फारसं काही बोलायची नाही, पण ऐकायची.

मधूनमधून ती उठून एक तुकडा उकळत्या पाण्यात टाकायची आणि बोटांनी ओढून बघायची. तुटला, की आणखी थांबायचं. लांब, चकचकीत तार निघाली, की ती ओरडायची, "फीला!" म्हणजे तार धरली. मग एकच धांदल. सगळं चिरून गरम पाण्यात टाकायचं, ओढायचं, दुमडायचं, परत ओढायचं, रेशमासारखं झालं की गोळा करायचा, आणि सरतेशेवटी गोळ्याचं वरचं तोंड गरम पाण्यात धरून मिटायचं. तिथेच सगळी परीक्षा. आत हवा राहिली तर चीज आतून फाटतं. चूण राहिली तर तिथून बुरशी शिरते.

मीनाक्षीचे हात पहिलं वर्षभर नुसते भाजले. तोंड तर तिला मिटताच येत नव्हतं. गेल्या उन्हाळ्यात कुठे एक गोळा असा झाला की रोझारियाने तो फिरवून फिरवून पाहिला आणि म्हणाली, "पुढच्या वर्षी क्लबच्या जेवणाला जी जोडी नेईन ना, त्यातला एक माझा, एक तुझा."

क्लब म्हणजे मोलीझेकडून आलेल्या लोकांचा. ईस्टरनंतर त्यांचं मोठं जेवण असायचं, आणि रोझारियाची काचोकवाल्लोची जोडी तिथे मधल्या टेबलावर ठेवली जायची. मीनाक्षीने हे घरी कुणाला सांगितलं नव्हतं. तिला ते स्वतःपुरतं हवं होतं.

ऑक्टोबरमध्ये सरलाबाई आल्या. अलिबागच्या शाळेत मराठी शिकवून रिटायर झालेल्या, ताठ, नीटनेटक्या. त्या वाईट नव्हत्या. पण लग्नानंतरच्या पहिल्या गणपतीत मीनाक्षीचे उकडीचे मोदक फुटले होते, आणि "नागपूरच्या मुलींना उकड कळायची नाही" हे वाक्य त्यांनी तेव्हापासून दर गणपतीला, अगदी फोनवरसुद्धा, हसत हसत म्हटलं होतं. आल्यावर त्यांनी किचनचे डबे न विचारता नव्याने लावले. शैलेंद्र म्हणाला, "आता कसं घर वाटतंय."

रोझारियाची गोष्ट सीमाने फोडली. "आजी, मॉम मेक्स चीज!"

"चीज? घरी?" सरलाबाई म्हणाल्या. "मग मलाही बघायचंय."

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी त्या कोट, मफलर, पायमोजे असा सगळा सरंजाम करून मीनाक्षीबरोबर निघाल्या. बेसमेंटच्या पायऱ्या उतरल्या आणि मोठ्या पातेल्याकडे बघून पहिलं वाक्य बोलल्या, "एवढं चांगलं दूध नासवायचं?"

"काय म्हणतेय?" रोझारियाने विचारलं.

"दूध छान आहे म्हणतायत," मीनाक्षी म्हणाली.

सरलाबाई खुर्चीवर बसून बघत राहिल्या. दुपारी तार निघाली, "फीला!" झालं, तेव्हा त्या एकदम उठल्या. "अगं, ही तर पाकासारखी तार!" म्हणत पुढे आल्या, बांगड्या वर सारल्या आणि गरम पाण्याच्या भांड्याकडे बोट करून रोझारियाला खुणेनेच विचारलं, घालू का हात?

"आई, भाजेल हां. फार कढत असतं."

"उकड मळलीये गं आयुष्यभर," सरलाबाई म्हणाल्या आणि हात घातले.

त्यांनी तो लगदा ओढला, दुमडला, परत ओढला. चेहऱ्यावर काही नाही. रोझारियाने एकदा त्यांचं मनगट धरून दिशा दाखवली, तेवढंच. मग गोळा झाला. सरलाबाईंनी तो डाव्या तळहातावर घेतला, उजव्या हाताच्या बोटांनी वरच्या कडा गोळा करत आणल्या, जशा मोदकाच्या पाकळ्या आणतात, आणि तोंड मिटलं. मिटता मिटता त्यांनी एकदा मान वर करून मीनाक्षीकडे पाहिलं. रोझारियाने गोळा थंड पाण्यात टाकला, बाहेर काढला, दिव्याखाली फिरवला. कुठे चूण नाही, भेग नाही.

"माम्मा मीया," ती म्हणाली आणि सरलाबाईंचे दोन्ही हात धरून त्यांच्याकडे बघत राहिली.

मीनाक्षी पलीकडे उभी होती. तिच्या हातात तिचा स्वतःचा गोळा तसाच गार होत होता, आणि गार झाला की तो मिटत नाही हे ठाऊक असूनही तिला हात हलवता येईना. दोन वर्षं. दोन वर्षं बोटं भाजून घेतली तेव्हा कुठे एक नीट जमला. आणि या बाईने कोट काढून दहा मिनिटं झाली नाहीत तोवर!

त्यानंतर शनिवार तिचा राहिला नाही. रोझारियाने सरलाबाईंना 'सारा' करून टाकलं होतं; दार उघडताच ती मीनाक्षीच्या खांद्यावरून मागे बघायची, "सारा कुठे आहे?" सरलाबाई "चला, रोझाबाई वाट बघत असतील" म्हणून सकाळीच तयार होऊन बसायच्या. चीजमधून सुटलेलं पाणी परत तापवून रोझारिया त्यातून रिकोत्ता, म्हणजे मऊ पनीरासारखा साका, काढायची, तो गरमगरम वाटीत घालून साराच्या हातात द्यायची, आणि सरलाबाई साखर घालून तो मिटक्या मारत खायच्या. एकमेकींची भाषा येत नसताना त्या इतक्या काय हसायच्या, हे मीनाक्षीला कळत नसे. खरं म्हणजे तीच दोघींची दुभाषी होती. पण हळूहळू तिने भाषांतर आखडतं घ्यायला सुरुवात केली. रोझारिया भरभरून पाच वाक्यं बोलली की मीनाक्षी म्हणायची, "छान झालंय म्हणते." सरलाबाई पास्क्वालेबद्दल काही विचारायच्या आणि मीनाक्षी म्हणायची, "नथिंग. शी इज टायर्ड."

कॉफीच्या वेळी आता तिला काही बोलताच येत नसे. समोर सासू बसलेली असताना सासूबद्दल काय बोलणार?

मिठाच्या पाण्यातून काढलेले गोळे बांधायचा दिवस आला. रोझारियाने ते ओळीने टेबलावर मांडले, स्वतःचा एक उचलला, मग दुसरा शोधू लागली. मीनाक्षीने आपला गोळा जरा पुढे सरकवला. रोझारियाचा हात त्यावरून गेला आणि सरलाबाईंच्या गोळ्यावर थांबला. तिने दोघांचे गळे एकाच दोरीने आवळले, जोडी दांडीवर टाकली आणि टाळी वाजवून म्हणाली, "ही क्लबच्या जेवणाची. मीना, साराला सांग."

रोझारियाला उन्हाळ्यात दिलेल्या शब्दाची आठवणच राहिली नव्हती. मुद्दाम केलं असतं तर मीनाक्षीला भांडता तरी आलं असतं.

"काय म्हणतेय गं?" सरलाबाईंनी विचारलं.

"चांगले वाळतील म्हणते."

घरी जाताना रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. पहिलं बर्फ पडून गेलं होतं, फुटपाथच्या कडेला मळकट ढिगारे होते. सरलाबाई खुशीत होत्या. "या वयात नवीन काही जमलं की किती बरं वाटतं गं," त्या म्हणाल्या. "शैलेंद्रला सांगायला हवं."

"आई," मीनाक्षी म्हणाली, "ते दूध कशाने घट्ट होतं माहितीये तुम्हाला?"

"ते विरजण घालते ना."

"विरजण वेगळं. फ्रीजमधल्या बरणीत ती राखाडी पेस्ट असते बघा, ते रेनेट. वासराच्या पोटातलं असतं. वासरू मारलं की त्याचं जठर काढून मिठात घालून वाळवतात."

सरलाबाई चालत राहिल्या. दोन घरं मागे पडली, मग थांबल्या. त्यांनी आयुष्यात अंडंही खाल्लेलं नव्हतं.

"म्हणजे मी खात होते ते सगळं?"

"हो."

"तुला आधीपासून माहीत होतं?"

"हो. तिने मला पहिल्याच दिवशी दाखवलं होतं."

सरलाबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. आवाज अजिबात चढला नाही. "मग आजच का सांगितलंस?"

मीनाक्षी पर्समध्ये घराची किल्ली शोधू लागली. उत्तर होतं, पण ते तोंडातून बाहेर काढण्यासारखं नव्हतं.

त्या दिवशी सरलाबाई अंघोळ करून खोलीत बसल्या, दुसऱ्या दिवशी उपास केला. शैलेंद्रला त्यांनी काही सांगितलं नाही. त्याने विचारलं तेव्हा मीनाक्षी म्हणाली, "थंडी बाधलीये त्यांना." पुढच्या शनिवारी ती एकटी रोझारियाकडे गेली, आणि "सारा कुठे?" या प्रश्नालाही तेच सांगितलं, "सर्दी झालीये."

तिला वाटलं होतं, आता पूर्वीसारखं होईल. कॉफी समोर आली, पाणी टपटपत होतं, खुर्ची रिकामी होती. ती मुलीबद्दल काहीतरी बोलू लागली. रोझारिया मान हलवत होती, पण लक्ष जिन्याकडे होतं. शेवटी ती म्हणालीच, "सर्दी म्हणजे ताप आहे का? मी सूप करते."

दुसऱ्या दिवशी ती खरोखरच दारात उभी राहिली, हातात टॉवेलमध्ये गुंडाळलेलं पातेलं. सूप भाज्यांचं होतं. साराच्या जेवणात मांस चालत नाही, एवढं तिला माहीत होतं.

"झोपल्यात त्या," मीनाक्षी म्हणाली.

सरलाबाई मागच्या खोलीतून चालत बाहेर आल्या. त्यांना इंग्रजी बोलायची लाज वाटायची, पण शाळेत आयुष्य गेलेलं. कळायचं सगळं.

"नो कोल्ड," त्या म्हणाल्या. "आय अ‍ॅम ओके. रोझा, युअर चीज... बेबी काऊ. स्टमक." त्यांनी पोटावर हात ठेवला. "आय कॅनॉट ईट. नेव्हर. माय रिलिजन. बट यू कम. यू सिट."

रोझारिया आधी त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने पातेलं खाली ठेवलं आणि दोन्ही हात तोंडावर नेले. "पण मीनाला माहीत होतं! मी तिला बरणी दाखवली होती. मला वाटलं तिने सांगितलं असेल. मीना, तू सांगितलं नाहीस? आणि मला सर्दी म्हणालीस?"

आज पहिल्यांदाच मीनाक्षीला कुणाचंही भाषांतर करायची गरज पडली नाही. दोघी तिच्याकडे बघत होत्या आणि दोघींना सगळं कळलं होतं. ती "चहा टाकते" म्हणून आत गेली. आधण उकळून अर्धं झालं तरी तिथेच उभी राहिली. बाहेर दोघींचं तुटक काहीतरी चाललं होतं. ऐकू येत होतं, पण तिला ऐकायचं नव्हतं. रोझारिया गेली तेव्हा दारातून नुसतं "चाओ" म्हणाली, "मीना" म्हणाली नाही.

सरलाबाई किचनमध्ये आल्या. गॅस बंद केला.

"बोल," त्या म्हणाल्या.

"काय बोलू?"

"जे तिच्याशी बोलतेस ते. मी आल्यापासून बघतेय. इथे घरात तू हो, नाही, बरं, एवढंच बोलतेस. तिथे टेबलाशी बसलीस की नुसती फुलतेस. मला इंग्रजी कळतं, मीनाक्षी. तू मला तिचं सगळं सांगत नव्हतीस तेही कळत होतं."

मीनाक्षीचा चेहरा तापला. "मग बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? दुसऱ्याच्या घरात भांडू?" त्या खुर्चीत बसल्या. हातांकडे बघत म्हणाल्या, "आणि मीही काही साधी नाही. पहिल्या दिवशी ते चीज ओढलं ना, ते मुद्दाम ओढलं. पहिलं हातात घेतलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं होतं, इतकं भाजलं. पण मला ते तुझ्यापेक्षा चांगलं करायचंच होतं. तुला जी परकी बाई माझ्यापेक्षा जवळची वाटते, तिच्यासमोर करायचं होतं."

मीनाक्षीने मान वर केली. इतक्या वर्षांत सासूबाई तिच्याशी इतकं खरं कधी बोलल्या नव्हत्या. तिला वाईट वाटायला हवं होतं, पण आधी आला तो रागच.

"ती माझी होती," ती म्हणाली. "या अख्ख्या गावात एकटी ती माझी होती. बाकी सगळं तुमचं आहे. शैलेंद्र, सीमा, गणपती, मोदक. हे डबेसुद्धा तुम्ही लावलेत."

"डबे लाव परत तुला हवे तसे."

"तो मुद्दा नाहीये, आई!"

"माहितीये मला," सरलाबाई म्हणाल्या. "पण तेवढं तर करता येईल." आणि उठून त्यांनी खरोखरच डबे खाली काढायला सुरुवात केली. दोघींनी मिळून शेल्फ रिकामं केलं आणि परत लावलं. डाळी मीनाक्षीच्या म्हणण्याप्रमाणे वर गेल्या.

रोझारिया सोपी नव्हती. मीनाक्षी माफी मागायला गेली तेव्हा तिने सगळं ऐकून घेतलं आणि तिला थेट गार खोलीत नेलं. "हे गोळे दर आठवड्याला पुसायचे असतात. मिठाच्या पाण्यात फडकं बुडवून, मग तेलाचा हात. माझे गुडघे दुखतात. तू पूस." क्लबच्या जोडीकडे बोट दाखवून म्हणाली, "तीसुद्धा."

सबंध हिवाळाभर मीनाक्षीने ते पुसलं. सासूचा गोळा हातात घेताना दर वेळी तिची बोटं आपोआप त्याच्या तोंडापाशी जायची, कुठे तरी भेग सापडेल म्हणून. सापडली नाही. गोळा पिवळा होत गेला, मग सोनेरी, कातडी कडक झाली. तिच्या स्वतःच्या गोळ्याला फेब्रुवारीत गळ्याखाली एक बारीक चीर पडली, त्यातून हिरवट बुरशी डोकावू लागली. तिने ती खरवडून काढली आणि कुणाला सांगितलं नाही. सरलाबाई यायच्या, वर बसायच्या, रोझारियाकडून क्रोशाचं काही शिकायच्या. त्यांचं हसणं खाली ऐकू यायचं. मीनाक्षीला अजूनही ते बोचायचं.

एप्रिलमध्ये, सरलाबाई परत जायच्या आधीच्या रविवारी, क्लबचं जेवण होतं. रोझारियाने दोघींना बोलावलं, सीमाही बरोबर आली. हॉलमध्ये लांबच लांब टेबलं, आरडाओरडा, वाइन. मधल्या टेबलावर जोडी. रोझारियाने दोरी कापली, आधी स्वतःचा गोळा चिरला, मग दुसरा. म्हातारे, म्हाताऱ्या पुढे झाल्या. एकाने तुकडा चावून डोळे मिटले. कुणीतरी ओरडून विचारलं, हा कुणाचा? रोझारियाने साडीतल्या सरलाबाईंना पुढे ओढलं आणि टाळ्या पडल्या.

सरलाबाईंच्या ताटात पाव, ऑलिव्ह आणि कोशिंबीर होती. त्या जरा ओशाळून हसत होत्या.

"काय म्हणतायत?" त्यांनी मीनाक्षीला विचारलं.

मीनाक्षीने सांगितलं. आन्योनेत वाढलेला तो म्हातारा म्हणतो, माझी आई करायची तसं आहे. ती निळ्या फ्रॉकमधली बाई विचारतेय, हे बोटांनी मिटलंय की साच्यात. रोझारिया सांगतेय, ही पहिल्याच दिवशी शिकली. शब्द न् शब्द. या वेळी काहीच गाळलं नाही.

परतताना मीनाक्षी गाडी चालवत होती. सीमा मागच्या सीटवर झोपली होती. मग सरलाबाई म्हणाल्या, "तू खाल्लंस ना?"

"हो."

"कशी होती चव? मला खरं सांग. मी आता खाऊ शकत नाही, पण माझ्या हातचं आहे ते."

मीनाक्षीने सिग्नलला गाडी थांबवली. "आधी लोण्यासारखं लागतं. गोडसर. मग मागून जरा तिखटपणा येतो, मिरीसारखा, आणि शेवटी भाजलेल्या शेंगदाण्याची आठवण होते. घट्ट आहे पण जिभेवर विरघळतं. रोझारियाच्यापेक्षा उजवं आहे, असं मला वाटलं. तिलाही वाटलं असावं, ती दुसरा तुकडा तुमचाच घेत होती."

सरलाबाई बाहेर बघत होत्या. डोळ्यांना पदर लावला, परत मांडीवर ठेवला.

"आणि तुझा?"

"माझा आणलाच नव्हता. चिरला होता गळ्याशी."

"मला वाटलंच. तोंड मिटताना घाई करतेस तू. मोदकालाही तेच करतेस."

दिवा हिरवा झाला, मागच्याने हॉर्न दिला.

"आई, प्लीज," ती म्हणाली, "निदान घरी पोचेपर्यंत तरी."

"बरं," सरलाबाई म्हणाल्या आणि हसू दाबायला खिडकीकडे वळल्या. मीनाक्षीने ते खिडकीच्या काचेत पाहिलं, आणि गाडी पुढे काढली.